मेळघाटच्या वाटेवर

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत मुलांना रानांतील श्वापदें दाखवावयाचीं झालीं म्हणजे बहुधा आफ्रिकेचें पुस्तक उघडलें जातें. टांझानियांतील सेरेंगेटीचें अफाट गवताळ मैदान, त्यांतून पाण्याच्या शोधांत चाललेले झेब्र्यांचे कळप, एखाद्या एकाकी झाडाखालीं पहुडलेला सिंह, आणि दूरवर लाल वस्त्र पांघरून भाल्यावर रेलून उभा असलेला मसाई गुराखी, हें चित्र मुलांच्या मनांत इतकें पक्कें बसतें कीं अरण्य म्हणजे आफ्रिका असें समीकरणच होऊन जातें. चित्र खोटें नाहीं. तथापि तें पाहत बसलेल्या अकोटच्या किंवा अचलपूरच्या मुलानें मान वळवून उत्तरेकडे पाहिलें, तर निळसर डोंगरांची एक लांबलचक रेघ त्याला दिसते. आणि त्या रेघेपलीकडे वाघ आहे, रानगवा आहे, अस्वल आहे, नद्या आहेत, गड आहेत, आणि मराठीशीं दूरचेंहि नातें नसलेली एक भाषा बोलणारे लोक आहेत, हें त्याला क्वचितच कोणीं सांगितलेलें असतें.

वऱ्हाडचे जुने जाणते लोक आपल्या मुलखाचे तीन भाग सांगत. दक्षिणेचा बालाघाट, मध्यें पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा पायनघाट, आणि उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगांतला मेळघाट. पहिल्या दोहोंशीं वऱ्हाडी माणसाची ओळख कापसाच्या आणि ज्वारीच्या निमित्तानें पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिसऱ्याकडे मात्र त्यानें पाठच केली आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. उन्हाळ्यांत चार दिवस चिखलदऱ्याला जाऊन यावें, नोकरींत असल्यास आपली बदली मेळघाटांत होऊं नये म्हणून खटपट करावी, आणि घराला साग लागला तर परतवाड्याच्या वखारींतून घ्यावा, एवढाच काय तो संबंध.

या मुलखांत शिरण्याच्या वहिवाटीच्या वाटा दोन. अमरावतीकर परतवाड्यावरून चढतो, अकोलेकर अकोटवरून. परतवाड्याच्या लाकडाच्या वखारी आणि संत्र्यांच्या बागा मागें पडल्या कीं मोटार एकाएकीं वळणें घेऊं लागते. पायनघाटांत नजर अडविणारें असें कांहींच नसतें. येथें दर वळणाला पुढची वाट झाडांत नाहींशी होते. झाडें मुख्यतः सागाचीं. पावसाळ्यांत त्याच्या ताटाएवढ्या पानांवर सरी कोसळूं लागल्या म्हणजे हजारों ढोलके एकदम वाजूं लागल्याचा भास होतो. चैत्रांत तेंच रान उघडें पडतें, आणि खालीं पडलेलीं पानें पायाखालीं पापडासारखीं मोडतात. त्या दिवसांत मेळघाटांत कोणाहि प्राण्याला गुपचूप चालतां येत नाहीं. वाघालाहि तें जड जात असावें.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंचीवर आहे. भीमानें कीचकाला मारून ज्या दरींत लोटलें ती कीचकदरा, आणि तिचाच पुढें चिखलदरा झाला, अशी तेथील लोककथा. जवळचें वैराट हें या रांगांतील अत्युच्च स्थान, सुमारें ११७८ मीटर. तें विराटाचें नगर म्हणून सांगतात. कथा खरी असो वा नसो, भीमकुंडाच्या कड्यावर उभें राहून खालीं पाहणाऱ्याला ती पटते एवढें निश्चित. येथें कॉफीचीं झाडें आहेत, आणि महाराष्ट्रांत तीं इतरत्र फारशीं कोठें रुजलीं नाहींत. कॉफीचें मूळ माहेर इथिओपियाच्या डोंगरांत. आफ्रिका पाहावयास निघालेल्या वऱ्हाडकराला तिची एक लेक आपल्याच डोंगरांत नांदतांना पाहून गंमत वाटावी.

चिखलदऱ्याच्या समोरच गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळांत, १४२५ च्या सुमारास, तो बांधला गेला असें मानतात. इ. स. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेलस्ली यानें त्याला वेढा दिला. स्वतः वेलस्ली दक्षिणेच्या अंगास राहिला, आणि उत्तरेची बाजू गांठण्यासाठीं स्टीव्हन्सनच्या फौजेला याच रानांतून वाट पाडीत, तोफा ओढीत न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे राजपूत लढतां लढतां मेले. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेलें. पुढें १८१५ मध्यें वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा सेनापति तो हाच. त्या लढाईचें नांव आपल्या शाळांतून सर्वांना ठाऊक असतें. गाविलगडची तारीख अमरावतींतहि थोड्यांनाच सांगतां येईल.

गडावरून उतरून सेमाडोहाकडे निघालें म्हणजे खरें अरण्य लागतें. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पांच नद्या या डोंगरांत उगम पावून तापीला मिळतात. सिपना म्हणजे कोरकू भाषेंत साग; नदीनें झाडाचें नांव घेतलें आहे. तिच्या कांठीं कोलकास येथें एक जुना वनविश्रामगृहाचा बंगला आहे, आणि संध्याकाळीं त्याच्या ओसरीवर बसणें हें मेळघाटच्या प्रवासांतील सर्वांत मोठें सुख होय. खालीं नदीनें मोठें वळण घेतलेलें असतें. समोरच्या उतारावरून अंधार हळूहळू खालीं येतो. कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

सेरेंगेटींत प्रवासी पाहतो. मेळघाटांत तो ऐकतो. तेथें दोन मैलांवरचा सिंह दिसतो, येथें वीस पावलांवरचा वाघ दिसत नाहीं. या एका फरकामुळें मेळघाटहून परतलेले पुष्कळ लोक निराश होऊन सांगतात कीं तेथें कांहींच नाहीं. त्यांचें चुकतें तें इतकेंच कीं ते डोळे घेऊन जातात आणि कान घरीं ठेवतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज करून इशारा देतें, भेकर कुत्र्याप्रमाणें भुंकतें, सांबर एकच खणखणीत हांक मारतें. आवाज एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर सरकत जातो आणि ऐकणाराला वाघाची वाट न पाहतांच कळते. वाटाड्या बहुधा जवळच्याच गांवचा कोरकू तरुण असतो. तो मान थोडी तिरपी करून ऐकतो, आणि मग जमिनीवरील धुळींत बोट टेकवून पंजाची कड दाखवितो.

वैशाखांत, बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं, पाणवठ्यांवर मचाणें बांधून प्राण्यांची गणना करण्याची जुनी रीत येथें आहे. आतां वाघांची मोजणी स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं होते, तरी अमरावती-अकोल्याचीच काय, पुण्या-मुंबईचीहि हौशी मंडळी त्या रात्रीसाठीं येतात. चांदणें पडलेलें असतें, पाण्याचा एक तुकडा कांशाच्या थाळीसारखा चमकत असतो, आणि बारा तास मचाणावर हूं कीं चूं न करतां बसावयाचें असतें. अस्वल मात्र कोणाची भीड धरीत नाहीं. तें दुरूनच पाचोळा तुडवीत, फुसफुसत, आपल्याच तंद्रींत येतें, भरपूर आवाज करून पाणी पितें आणि तसेंच जातें. रानगवा येतो तो मात्र असा येतो कीं, इतका अवजड प्राणी समोर उभा कसा राहिला याचें कोडें सुटत नाहीं. रानकुत्र्यांची टोळी आली तर पाण्यावर दुसरें कोणी थांबत नाहीं.

याच रानांत एक छोटासा पक्षी आहे, आणि त्याची कहाणी एखाद्या रहस्यकथेला लाजवील अशी आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. १८७३ सालीं ॲलन ह्यूम यानें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. काँग्रेसच्या स्थापनेंत पुढें ज्याचा वांटा होता तोच हा ह्यूम. १८८४ नंतर मात्र रानपिंगळ्याचा विश्वसनीय नमुना कोणास मिळाला नाहीं. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंत लष्करी नोकरी केलेला आणि तेथील एका अजस्र रानडुकराच्या जातीला ज्याचें नांव मिळालें असा मायनर्ट्झहागेन नांवाचा एक बडा पक्षिसंग्राहक होता. आपण १९१४ सालीं गुजरातेंत हा पक्षी मिळविला असें त्यानें नोंदवून ठेवलें, आणि शोध घेणारे त्या खोट्या पत्त्यावर भटकत राहिले. पुढें असें सिद्ध झालें कीं त्यानें एका संग्रहालयांतील जुना नमुना चोरून त्यावर आपली चिठ्ठी डकविली होती. खरा पत्ता लक्षांत आल्यावर १९९७ च्या नोव्हेंबरांत पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खानदेशांत शहाद्याजवळ गेले, आणि तेथें रानपिंगळा दिवसाउजेडीं झाडावर बसलेला त्यांना दिसला. त्यानंतर तो मेळघाटांतहि आढळला. मोठमोठे पंडित ज्याला शंभर वर्षें नष्ट झालेला समजत होते, तो येथें आपल्या फांदीवर स्वस्थ बसून होता.

आतां या रानांतील माणसांविषयीं. मेळघाटचे मूळ रहिवासी मुख्यतः कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळांतील. संथाळी व मुंडारी या तिच्या बहिणी दूर पूर्वेस झारखंडांत, आणि ही एकटी शेंकडों मैल पश्चिमेस सातपुड्यांत राहिलेली. त्या कुळाची ही पश्चिमेकडील शेवटची भाषा होय. कोरू म्हणजे माणूस, आणि त्याचें अनेकवचन कोरकू. स्वतःला नुसतें ‘माणसें’ म्हणविणाऱ्या या लोकांना सपाटीवरील माणसांनीं किती वेळां माणसांत धरलें, हा प्रश्न वेगळा.

कोरकूंचें गांव दुरूनच ओळखूं येतें. मध्यें रुंद, झाडून लख्ख केलेला रस्ता, आणि त्याच्या दोहों अंगांस समोरासमोर तोंडें असलेल्या घरांच्या दोन सरळ ओळी. बांबूच्या ताट्यांना माती लिंपून केलेल्या भिंती, वर कौलें. शेतांत कोदो, कुटकी, ज्वारी. रानांत मोह, तेंदू, डिंक. रावण आणि मेघनाद यांना हे लोक पूज्य मानतात, महादेवालाहि मानतात, आणि गांवाच्या रक्षणाला मुठवा देव असतो. वर्षाचा मोठा सण होळी. वीटभट्ट्यांवर आणि शहरांतील बांधकामांवर गेलेलीं कुटुंबें त्या दिवसांत काम टाकून परत येतात, आणि मुकादमानें कितीहि आमिष दाखविलें तरी थांबत नाहींत. होळीनंतर रस्त्यावर मुलींचा घोळका आडवा येऊन मोटार थांबवितो आणि गाणें म्हणून फगवा मागतो. घाईंत असलेला शहरी प्रवासी कपाळाला आंठ्या घालतो. पण रस्ता त्यांच्या गांवचा, सण त्यांचा, आणि पाहुणा तो.

कोणी वारलें असतां कोरकू लोक सिडोली नांवाचा विधि करितात, आणि मृताच्या स्मरणार्थ सागाची कोरीव फळी उभारितात. तिला मुंडा म्हणतात. भाषाकुळाच्या नांवाशीं त्याची गल्लत करूं नये. त्या फळीवर वर सूर्य-चंद्र, खालीं घोड्यावर बसलेली आकृति, कधीं हातांत हात घालून नाचणाऱ्यांची रांग. गांवाच्या कडेला एखाद्या मोठ्या झाडाखालीं असे मुंडे पुरलेले असतात. कांहीं ताजे, कांहीं पावसानें झिजून ज्यांवरचा घोडा ओळखूं येत नाहीं असे.

या मुलखाचें दुःखहि सांगितलें पाहिजे. १९९३ च्या सुमारास कुपोषणानें होणाऱ्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या तेव्हां महाराष्ट्राला मेळघाट कळला. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे हें दांपत्य त्यापूर्वींच बैरागडला जाऊन राहिलें होतें; २०१९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मधल्या काळांत समित्या आल्या, न्यायालयांत अर्ज झाले, पण पावसाळ्यांत नदी चढली कीं आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोंचविणें हा प्रश्न कित्येक पाड्यांवर तसाच राहिला.

आणि मग वाघ. १९७३ सालीं सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होता. आज त्याचा विस्तार गाभा आणि भोंवतालचा पट्टा मिळून सुमारें २७६८ चौरस किलोमीटर आहे. गाभ्यांत मनुष्यवस्ती नसावी असें ठरलें, आणि २००१ च्या सुमारास बोरी, कोहा, कुंड या गांवांपासून लोकांना बाहेर बसविण्यास आरंभ झाला. पुढें वैराट, आमोणा, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशीं गांवें उठत गेलीं. २००८ पासून दर कुटुंबास दहा लक्ष रुपयांची योजना होती. २०२१ मध्यें ती रक्कम पंधरा लक्ष झाली.

आज प्रवासी मोटारींतून गाभ्यांत जातो तेव्हां गर्द सागवनांतून एकदम एक प्रशस्त कुरण उघडतें. गवत कमरेइतकें, त्यांत सांबरें, रानगवे निवांत चरत असतात. प्रवासी हर्षानें म्हणतो, हें तर आफ्रिकेसारखें! तें कुरण बहुतेक वेळां कालपरवांचें गांव असतें. जेथें नांगर चालत होता तेथें वनखात्यानें गवत वाढूं दिलें, गवतामागून चरणारे आले, चरणाऱ्यांमागून वाघ आला. वाघाच्या दृष्टीनें हा प्रयोग यशस्वी झाला हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. वस्ती राहती तर हें गवत आणि हे कळप दिसले नसते.

पण माणसांच्या बाजूचा हिशेब इतका सरळ नाहीं. ज्यांनीं पैसा पाहिला नव्हता त्यांच्या हातीं एकदम पैसा आला, आणि तो मोटारसायकलींत, लग्नांत, दलालांच्या हातीं गेला. कांहींजण नव्या वस्तींत रुळले, त्यांचीं मुलें शाळेंत गेलीं. कांहींजणांना जमीन नाहीं, काम नाहीं, दवाखाना नाहीं अशा तक्रारी घेऊन पुन्हां रान गांठावेंसें वाटलें. अकोट-तेल्हाऱ्याकडे आणलेलीं अशीं कित्येक कुटुंबें जुन्या गांवीं परत गेलीं, आणि २०१९ च्या जानेवारींत त्यांची वनकर्मचारी व पोलीस यांच्याशीं चकमक उडून दोहों बाजूंचीं माणसें जखमी झालीं. सेरेंगेटीच्या चित्रांतील त्या मसाई गुराख्याची गोष्टहि हीच आहे. १९५९ सालीं सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानांतून मसाई लोकांना उठवून ङ्गोरोङ्गोरोकडे घालविलें गेलें. त्यानंतरच्या छायाचित्रांत मैदान मोकळें दिसतें तें त्यामुळें. मोकळें दिसणारें प्रत्येक रान मुळांत मोकळें नसतें, हें त्या पुस्तकांत छापलेलें नसतें.

वाघ कीं माणूस असा सवाल टाकून गप्प बसण्याची आपल्याकडे संवय पडली आहे. चिखलदरा तालुक्यांतील पायविहीर या लहानशा गांवानें तो सवालच वेगळ्या रीतीनें सोडविला. वनहक्क कायद्यान्वयें २०१२ मध्यें गांवाला लगतच्या उजाड रानावर सामूहिक हक्क मिळाला. गांवकऱ्यांनीं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, पाणी अडविलें, झाडें लावलीं, आणि त्या रानांतील सीताफळें ते स्वतःच्या नांवानें बाजारांत विकूं लागले. २०१४ सालीं त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्थात् पायविहीर गाभ्यांत नाहीं, काठावर आहे. तेथला न्याय जसाच्या तसा केलपाणीला लावतां येणार नाहीं. पण ज्यांना रान राखतां येत नाहीं असें ठरवून टाकलें होतें, त्यांनीं तें राखून दाखविलें.

परतीचा प्रवास अकोल्याच्या अंगानें करावा. एके काळीं या बाजूनें अकोला-खंडवा छोटी आगगाडी मेळघाटांतून जात असे. धूळघाटाजवळ तो लोहमार्ग डोंगराला वळसा घालून स्वतःवरूनच पलीकडे जाई, आणि खिडकींत बसलेल्या मुलांना आपण मघां ज्या रुळांवरून आलों तेच खालीं दिसत. २०१७ च्या आरंभीं ही गाडी बंद झाली. अकोट ते अकोला रुंद मार्ग २०२२ मध्यें सुरू झाला. पुढचा मार्ग मात्र जंगलांतून न नेतां बाहेरून वळविण्याचें ठरलें. १८९८ सालीं केनियांत त्सावो येथें दोन सिंहांनीं युगांडा रेल्वेचें काम थांबविलें होतें, आणि त्यांनीं मारलेल्यांत हिंदी मजूर पुष्कळ होते. मेळघाटच्या वाघांना कोणावर झडप घालावी लागली नाहीं. त्यांचें काम अर्जविनंत्यांनीं झालें.

अकोटच्या उत्तरेस नरनाळा. त्याच्या महाकाली दरवाजावरील कोरीव काम १४८७ सालचें, आणि तें पाहण्यासाठीं एक सबंध दिवस राखून ठेवावा. नरनाळ्यापलीकडे, गाभ्याच्या आंत, धारगडचा महादेव. गांव उठलें, पण देव तेथेंच आहे. पावसाळ्यांत गाभ्यांत पर्यटकांना मज्जाव असतो. परंतु श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं धारगडची यात्रा भरते, आणि त्या एका वेळेपुरती भाविकांसाठीं वाट मोकळी होते. अकोला, अकोट, तेल्हारा येथून लोक लोटतात. धबधब्याच्या अंगाला असलेल्या त्या गुहेपाशीं ओल्या कपड्यांनीं रांगा लागतात, वाटेवर चिखल माजतो, हर हर महादेवच्या गजरानें दरी भरून जाते, आणि सांबरें कोठल्या कोठें दूर निघून जातात. मंगळवारीं नाक्याचा दांडा पुन्हां आडवा होतो.